बडोद्यात मुलांच्या कार्डखेळासाठी प्लेमॅट: तयार घ्याव्यात की करवून घ्याव्यात?

कारेलीबागकर

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील खोलीत रविवारी दुपारी मुले ट्रेडिंग कार्डांचे खेळ खेळायला जमतात. धाकटी मुले पोकेमॉन खेळतात, नववी-दहावीतील काही जण यु-गी-ओ खेळतात आणि कॉलेजात जाणारी मुले मॅजिक खेळतात. मोबाइल बाजूला ठेवून ही मुले समोरासमोर बसतात, एकमेकांचा डाव लक्ष देऊन पाहतात आणि हरल्यावरही हात मिळवून उठतात. मला हे फार मोलाचे वाटते, म्हणून त्यांची बसण्याखेळण्याची सोय नीट व्हावी अशी मनापासून इच्छा आहे.

खोलीत ४ फूट बाय २ फूट मापाची, सनमायका लावलेली फोल्डिंग टेबले आहेत. अडचण अशी की सनमायकावर सपाट पडलेले कार्ड बोटांत येतच नाही. लहान मुले ते नखाने उकरतात, नाहीतर ओढत टेबलाच्या काठापर्यंत आणतात आणि तिथून उचलतात. त्यामुळे स्लीव्ह, म्हणजे कार्डावर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या, घासल्या जातात, आणि ज्या मुलांकडे स्लीव्ह नाहीत त्यांच्या कार्डांचे कोपरे पांढरे पडतात. प्लेमॅट, म्हणजे वर कापड आणि खाली रबर असलेली टेबलावर अंथरायची चटई, घातली की हे थांबेल असे थोरली मुले सांगतात. सध्या आठ मॅट घ्याव्यात असा विचार आहे.

तयार मॅट ऑनलाइन मिळतात, परंतु चांगल्या प्रतीच्या आठ मॅटची रक्कम सोसायटीच्या वर्गणीतून निघण्यासारखी नाही. रावपुऱ्यातील एका छपाईच्या दुकानाने माउसपॅडच्याच मालातून मोठ्या मॅट छापून देण्याची तयारी दाखवली आहे. तेव्हा त्यांना माप कोणते सांगावे, खालचे रबर कसे पाहून घ्यावे, कार्डे ठेवण्याच्या जागा मॅटवर छापाव्यात की नाही, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात या मॅट टिकवाव्यात कशा, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दांडियाबाजारचा डेक

काकू, मापाबद्दल मी लिहितो, कारण सगळे गणित तिथूनच सुरू होते.

बाजारात रुळलेले माप २४ इंच बाय १४ इंच, म्हणजे साधारण ६१ बाय ३५.५ सेंटिमीटर आहे. हे माप एका खेळाडूचे असते. दोघे समोरासमोर बसले की दोन मॅट लागतात. आता आपले टेबल २ फूट रुंद, म्हणजे ६१ सेंटिमीटर आहे आणि समोरासमोरच्या दोन मॅटची उभी बाजू मिळून ७१ सेंटिमीटर होते. म्हणजे प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर मॅट टेबलाबाहेर लोंबेल, आणि खेळाडूच्या पोटाशी असलेली कार्डांची रांग नेमकी त्या लोंबत्या भागावर येईल. कोणी उठताना तिला धक्का लागला की डाव विस्कटला. म्हणून आपल्या टेबलांसाठी ६० बाय ३० सेंटिमीटर हे माप मी सुचवतो. दोन मॅट समोरासमोर बरोबर बसतात आणि ४ फुटी लांबीत अशा दोन जोड्या मावतात, म्हणजे एका टेबलावर चौघे. छपाईवाल्यांकडे या मापाचा माल बहुधा असतोच, कारण संगणकाच्या टेबलावर घालायच्या मॅट याच मापात खपतात.

मॅटची उभी बाजू ५.५ सेंटिमीटरने कमी केल्यावर खेळ त्यात मावतो का, हे आधी पाहून घ्यायला हवे. पोकेमॉन आणि मॅजिक या दोन्ही खेळांचे कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असते आणि स्लीव्ह घातल्यावर ते सुमारे ६६ बाय ९१ होते. पोकेमॉनमध्ये डाव्या हाताला सहा प्राइझ, म्हणजे बक्षिसाची, कार्डे दोन उभ्या रांगांत, मध्ये बेंचवर, म्हणजे राखीव पोकेमॉनच्या जागेवर, पाच कार्डे आणि उजवीकडे डेक, म्हणजे ओढायच्या कार्डांचा गठ्ठा, अशी मांडणी असते. एका ओळीत शेजारीशेजारी आठ कार्डे धरली तर ५२८ मिलिमीटर लागतात आणि ६०० मध्ये बोटे घालायला पुरेशी जागा उरते. उभ्या दिशेने प्राइझची तीन कार्डे २७३ मिलिमीटर घेतात. ३०० मध्ये ती बसतात, थोडी खेटून बसतात एवढेच.

यु-गी-ओचे कार्ड लहान, ५९ बाय ८६ असते, तरी त्याला रुंदी जास्त लागते, कारण बचावातला मॉन्स्टर आडवा ठेवावा लागतो. पाच आडव्या जागांना ४५ सेंटिमीटर, शिवाय एका टोकाला फील्डचे कार्ड आणि दुसऱ्या टोकाला ग्रेव्हयार्ड, म्हणजे बाद कार्डांचा ढीग, असे सगळे मिळून ५७-५८ सेंटिमीटर होतात. त्यामुळे रुंदी ६० च्या खाली कधीही उतरू देऊ नये. कोणी ५० सेंटिमीटरची मॅट स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. मॅजिकला ठरावीक चौकटी नसतात, पण वापरलेले कार्ड आडवे फिरवावे लागत असल्याने त्या खेळाडूंनाही रुंदीच कामाची.

जागा छापण्याच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. यु-गी-ओमध्ये पेंड्युलम नावाच्या खास कार्डांसाठी २०१४ पासून मॅटच्या दोन्ही कडांना वेगळ्या जागा होत्या. २०१७ मध्ये नियम बदलले, त्या जागा मागच्या रांगेत विलीन झाल्या आणि दोन खेळाडूंच्या मध्ये एक्स्ट्रा मॉन्स्टरच्या दोन सामाईक जागा आल्या. आधी छापलेल्या सगळ्या चौकटी एका फटक्यात जुन्या ठरल्या. पोकेमॉनमध्येही २०२४ साली आलेले 'एरिया झिरो अंडरडेप्थ्स' हे स्टेडियम प्रकारचे कार्ड मैदानात असेल आणि आपल्याकडे टेरा प्रकारचा पोकेमॉन असेल, तर बेंचवर पाचाऐवजी आठ कार्डे ठेवता येतात; छापलेल्या पाच चौकटींचे तेव्हा काय करायचे? शिवाय आपल्या खोलीत तीन वेगवेगळे खेळ चालतात. एकरंगी मॅट तिघांनाही चालेल.

मकरपुरा रबर

माझे बरेचसे आयुष्य मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत रबर शीटच्या कामात गेले, म्हणून मी खालच्या थराबद्दलच लिहितो. मॅट चांगली की वाईट हे पहिल्या महिन्यात वरच्या कापडावरून ठरते, त्यानंतर मात्र रबरावरून.

दुकानदार सरसकट सगळ्यालाच निओप्रीन म्हणतात. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत ड्यूपॉंट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते महाग असते आणि माउसपॅडच्या मालात शुद्ध स्वरूपात क्वचितच असते. आपल्याला दाखवले जाईल ते एकतर नैसर्गिक रबराचा फोम असेल किंवा एसबीआर नावाच्या कृत्रिम रबराचा फोम. नैसर्गिक रबराची शीट हाताला जड लागते आणि उलगडल्याबरोबर टेबलाला धरून बसते. एसबीआरची शीट हलकी असते, स्वस्त पडते, पण गुंडाळून ठेवल्यावर तिच्या कडा बराच वेळ वर उचललेल्या राहतात. कार्डखेळाला वर उचललेली कड अजिबात चालत नाही, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी जड माल घ्यावा.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी परीक्षा अशी. नमुना हातात घेऊन अंगठ्याने जोरात दाबावा आणि अंगठा काढावा. खळगा लगेच भरून आला तर फोम जिवंत आहे. ठसा रेंगाळला तर त्या मॅटवर वर्षभरात कोपरांच्या जागी खड्डे पडतील. नंतर कोपऱ्यातून कापड आणि रबर बोटांनी हलकेच वेगळे करून पाहावे. चिकटवणी कच्ची असेल तर कोपरा तिथेच सुटू लागतो. शेवटी वास घ्यावा. नव्या रबराला वास असतोच आणि सावलीत पसरून ठेवल्यास तो काही दिवसांत जातो, परंतु रॉकेलसारखा उग्र वास येत असेल तर तो भंगार रबर मिसळलेला माल समजावा आणि मुलांच्या हाताखाली घालू नये.

जाडी २ मिलिमीटर असावी. ३ मिलिमीटरची मॅट हाताला मऊ लागते आणि कार्ड उचलायलाही अधिक सोपी असते, पण गुंडाळल्यावर तिची वळकटी मोठी होते आणि आठ मॅटना कपाट पुरत नाही. १ मिलिमीटरच्या मॅटला दाब असा राहतच नाही आणि आपली मूळ तक्रार, म्हणजे कार्ड बोटांत न येणे, तशीच राहते. कार्डाची कड दाबल्यावर खालचा फोम किंचित खचतो, पलीकडची कड वर येते आणि तिथे बोट शिरते. प्लेमॅटचा खरा उपयोग एवढाच आहे आणि त्यासाठी २ मिलिमीटर पुरतात.

सनमायकाला रबराने काही होत नाही. मात्र कोणी हीच मॅट घरी नेऊन पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर अंथरली आणि तशीच पडू दिली, तर रबरातील तेलकट द्रव्ये पॉलिशमध्ये उतरून डाग पडू शकतात. तिथे खाली सुती टेबलक्लॉथ घालावा.

मांडवीचा छापखाना

मी सब्लिमेशन छपाईचेच काम करतो, त्यामुळे छपाईविषयी दोन गोष्टी नक्की सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे, दुकानदाराला छपाई सब्लिमेशनची आहे का हे स्पष्ट विचारावे. या पद्धतीत चित्र आधी कागदावर छापतात. तो कागद पॉलिस्टरच्या पांढऱ्या कापडावर पालथा ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियसला मिनिटभर दाबतात. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. कागदावर चित्र मळकट, निस्तेज दिसते आणि प्रेस उचलल्यावर तेच कापडावर लखलखीत उमटलेले असते. आमच्याकडे प्रथमच आलेले ग्राहक कागद पाहून घाबरतात, ते यामुळे. रंग धाग्याच्या आत गेल्याने बोट फिरवले तर छापलेला आणि कोरा भाग यांत काही फरक जाणवत नाही, आणि कार्ड दोन्हीकडे सारखेच सरकते. विनाइलचा थर चिकटवून केलेली छपाई कापडाच्या वर बसते. तिच्यावर स्लीव्ह अडखळते आणि काही महिन्यांत तिचे पापुद्रे निघतात. नखाने चाचपून पाहिल्यावर चित्राची कड हाताला लागली तर तो माल घेऊ नये.

या पद्धतीत पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा रंग म्हणजे कापडाचा मूळ रंग. त्यामुळे पांढऱ्या मॅटवर काळी छपाई करता येते, काळ्या कापडावर पांढरी येत नाही. सुती कापडावरही ही छपाई टिकत नाही, म्हणून पॉलिस्टरच हवे. सुरत जवळ असल्याने ते आपल्याकडे हवे तेवढे मिळते.

जागा छापण्याबद्दल मात्र दांडियाबाजारच्या मित्रांशी मी सहमत नाही. नियम बदलतात हे त्यांचे म्हणणे खरे आहे, पण आठ-नऊ वर्षांचे मूल प्रथमच पोकेमॉन खेळायला बसते तेव्हा त्याला नियमांपेक्षा आधी मांडणीच सुचत नाही. प्राइझ कुठे, टाकलेली कार्डे कुठे, बेंच कुठे, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते, आणि टाकलेल्या कार्डांचा ढीग डेकमध्ये मिसळला की रडारड होते. म्हणून आठांपैकी चार मॅटवर पोकेमॉनच्या जागा फिकट राखाडी रेषेने आखून घ्याव्यात आणि चार कोऱ्या ठेवाव्यात. रेषा इतकी फिकट असावी की आठवे बेंच कार्ड तिच्यावर आले तरी डोळ्यांना खटकू नये. नावे छापू नयेत, नुसत्या रेषा पुरेत.

पार्श्वभूमीला गडद आणि शांत रंग घ्यावा. मुलांना मोठ्या चित्राची हौस असते हे मी रोज पाहतो, परंतु झगमगीत चित्रावर पडलेले झगमगीत कार्ड समोरच्या खेळाडूला वाचता येत नाही. कडेला दोन बोटांच्या पट्टीत हवे ते रेखाटन घालावे. आणि ते मुलांनी स्वतः काढलेले असावे, कारण कंपन्यांची पात्रे त्यांच्या मालकीची असतात आणि बरेच छपाईवाले ती छापायला नकार देतात, तो योग्यच आहे. मुलांचे चित्र ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके ठेवून, स्कॅन करून आणावे. मोबाइलवरून फोटो काढून पाठवलेले चित्र मोठे केल्यावर फुटते.

कारेलीबागकर

आपण सर्वांनी इतके बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ६० बाय ३० हे माप, २ मिलिमीटर जाडी आणि चार रेषांच्या व चार कोऱ्या मॅट, असे आज दुकानात सांगून आले. पांढऱ्या कापडाचा नमुनाही पाहिला आणि अंगठ्याची परीक्षा केली. दोन नमुन्यांपैकी एकावर ठसा बराच वेळ राहिला, दुसरा चटकन भरून आला.

आता दोन प्रश्न उरले आहेत. दुकानदार कडा नुसत्या कापून देतो, शिवून देत नाही. तो म्हणतो की शिलाईची गरज नाही. तसेच ही मुले खेळताना चिवडा नाहीतर सेव-उसळ खातातच, त्यांना पूर्ण मनाई करणे मला जमणार नाही. तेव्हा मॅट धुता येतात का?

वाडीची शिलाई

ताई, शिलाई नक्की करून घ्यावी. कापलेली कड सुरुवातीला सुबक दिसते, पण मॅट रोज गुंडाळली-उलगडली की कोपऱ्यापासून धागे निघू लागतात आणि कापड रबरापासून सुटते. एकदा सुटलेला कोपरा चिकटवून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि मुलांना तो ओढत बसायची सवय असते.

कडेवर धागा गुंफून शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर हे काम होते, मात्र शिवणाऱ्याला रबराची ओळख हवी. साध्या दाबपट्टीखाली रबर चिकटते, पुढे सरकत नाही आणि टाके एकाच जागी गोळा होतात. यावर उपाय असा की रबराच्या बाजूला पातळ कागदाची पट्टी लावून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. सुई १६ नंबरची घ्यावी. कोपरे काटकोनात न ठेवता किंचित गोल कापून घ्यावेत, म्हणजे टाका न तुटता वळतो. धागा पॉलिस्टरचा हवा, सुती धागा धुतल्यावर आकसतो आणि कड वर खेचली जाते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शिलाई कापडाच्या पातळीवर बसली पाहिजे. जाड धाग्याने घट्ट शिवले तर काठाला बांध तयार होतो, मॅटवरून बाहेर सरकवलेले कार्ड त्याला अडते आणि आपण सनमायकावरून जी तक्रार घेऊन आलात ती काठावर पुन्हा उभी राहते. म्हणून आधी एका मॅटची एकच बाजू शिवून घ्यावी, तिच्यावरून स्लीव्ह घातलेले कार्ड सरकवून पाहावे आणि मगच बाकीच्या द्याव्यात.

धुण्याविषयी: मॅट गार पाण्यात धुता येते. वॉशिंग मशीन, गरम पाणी आणि इस्त्री या तिन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण उष्णतेने मधली चिकटवणी सुटते. बादलीत भांड्यांच्या साबणाचे काही थेंब घालून मऊ स्पंजने पुसावे, स्वच्छ पाणी ओतावे, दोन टॉवेलांमध्ये दाबून पाणी टिपावे आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. पिळू नये. दोरीवर घडी करून टाकल्यास मधोमध कायमची मोड पडते. चिवड्याच्या तेलाचा डाग दिसला तर लगेच टाल्कम पावडर टाकून तासभर तशीच ठेवावी आणि झटकून मग साबण लावावा. हळदीचा डाग मात्र पांढऱ्या भागावरून सहजी निघत नाही, म्हणून सेव-उसळीसाठी कोपऱ्यात वेगळे टेबल मांडावे आणि हात धुऊन खेळायला बसावे. तेलकट हाताने जे मॅटवर उतरते तेच पुढे प्रत्येक स्लीव्हच्या पाठीवर जाते. स्पर्धेत पाठीवरच्या डागावरून किंवा ओरखड्यावरून कार्ड ओळखू येत असेल तर पंच ते खुणेचे कार्ड धरतात. मुलांना हे कारण सांगितले की ती स्वतःहून हात धुतात.

आणखी एक. आपली खोली तळमजल्यावर आहे आणि विश्वामित्री नदी तिथून लांब नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या ओळखीच्या घरी खालच्या फळीवरच्या मॅट गाळात बुडाल्या. धुतल्यावर कापड स्वच्छ निघाले, पण रबर जागोजागी सुटले होते. मॅट वरच्या फळीवर ठेवाव्यात.

दांडियाबाजारचा डेक

फिकट रेषांचा मुद्दा मला पटला, काकू. नवशिक्या मुलांसाठी ती सोय चांगली आहे, फक्त यु-गी-ओची मुले कोऱ्याच मॅटवर बसवावीत.

पावसाळ्याबद्दल सांगायचे राहिले होते. मॅट गुंडाळताना छापलेली बाजू बाहेर ठेवावी. असे केले की उलगडल्यावर कडांचा कल खाली राहतो आणि त्या टेबलाला टेकतात. चित्र आत ठेवून गुंडाळली तर कडा वर वळतात. बाहेरच्या बाजूला धूळ लागू नये म्हणून प्रत्येक वळकटी जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि ऑगस्टपर्यंत कापडावर बुरशीचे ठिपके येतात. वळकटीला रबर बँड लावू नये, सैल सुती नाडी बांधावी. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्यांचा उपयोग मॅटपेक्षाही कार्डांना अधिक होतो. चमकणाऱ्या कार्डात कागद ओल शोषतो आणि वरचा धातूचा पातळ पापुद्रा शोषत नाही, म्हणून अशी कार्डे पावसाळ्यात कमानीसारखी वाकतात, आणि वाकलेले कार्ड मॅट कितीही चांगली असली तरी सपाट बसत नाही.

आपल्या दुकानदाराकडून पहिली मॅट आली आणि ती शिवून झाली की तिच्यावर पोकेमॉनची पूर्ण मांडणी स्लीव्हसह करून पाहावी, मगच उरलेल्या सातांची ऑर्डर पक्की करावी. मला कळवल्यास मी माझा डेक घेऊन येईन आणि यु-गी-ओची मांडणीही त्याच वेळी तपासून घेऊ.